आधी पाय बघा

सैनिकाचा जुना फोटो हातात आला की सगळ्यांची नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग मिशीवर, मग बंदुकीवर. मी पायांपासून सुरू करते. ही सवय मला गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत लागली.

सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर आमच्या अण्णांचा फोटोचा स्टॉल असायचा. पडदे अण्णा स्वतः रंगवायचे. ताजमहाल, विमान आणि चंद्रकोर होतेच. 1971 च्या लढाईनंतर त्यांनी चौथा रंगवला, फौजेचा. मागं निळसर डोंगर, पुढं तंबूंची रांग, एका तंबूवर तिरंगा. खाकी कोट एकच, तोही थोराड मापाचा. बारीक माणूस आला की पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावायचे. टोपी एक. बंदूक सागवानी, सुताराकडून करून घेतलेली. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडची पोरं त्या कोटात शिरायची आणि छाती काढून उभी राहायची. पण बूट काही आमच्याकडं मिळायचे नाहीत. फोटोत खाली बघितलं की वहाणा, नाहीतर अनवाणी पाय, घोट्यापर्यंत मैदानाची धूळ.

कॅमेऱ्यामागं दादा असायचा. माझं काम निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचं, डाग काढायचं आणि काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरायचं. तीस वर्षं काडीला कापूस गुंडाळून लोकांच्या गालांवर गुलाबी चढवला. फोटोत मुद्दाम काय आणून ठेवलेलं असतं आणि नजरचुकीनं काय राहून जातं, हे त्यामुळं हाताला कळतं. आता भाचा इतिहास शिकतो. तो मला परदेशातल्या जुन्या छावण्यांचे फोटो मोबाइलवर पाठवतो आणि विचारतो, "आत्या, ह्यातली प्रतीकं सांग ना." त्याला जे सांगते तेच इथं लिहिते. प्रतीकं सगळ्यात शेवटी येतात बाबा, आधी बाकीचं उरकू.

मोबाइलच्या पडद्यावर काही कळत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हे फोटो मोठ्या आकारात फुकट मिळतात. सगळ्यात मोठी फाइल उतरवा, कॉम्प्युटरवर उघडा आणि उलटी करा. डोकं खाली, पाय वर. रिटचिंग करताना आम्ही निगेटिव्ह असंच धरायचो, कारण सरळ धरलं की डोळा चेहऱ्यात अडकतो. उलट्या फोटोत माणूस दिसत नाही, नुसत्या वस्तू दिसतात. घरचा फोटो असेल तर चेहऱ्यावर पोस्टकार्ड ठेवा, तेवढं पुरतं.

आता तो फोटो निघाला कसा, ते बघायचं. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज माणसानं ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे जिथं कॅमेरा तिथं डार्करूम. रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर 1855 मध्ये रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या लढाईवर गेला तेव्हा एका दारूविक्याची जुनी घोडागाडी विकत घेऊन तिचीच डार्करूम करून गेला होता. अशा सरंजामात पळत्या घोड्याचा फोटो निघत नाही. कित्येक सेकंद सगळ्यांनी गप उभं राहायचं. म्हणून त्या काळचे लढाईचे फोटो जवळजवळ नाहीतच, छावणीचे मात्र ढीगभर. "ह्यांना युद्धातली शांतता दाखवायची होती" असं कुणी लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. दुसरं काही काचेवर थांबतच नव्हतं हो.

ह्या काही सेकंदांनी खूप गोष्टी ठरवल्या आहेत. कुत्र्याला दोन तोंडं आली तर तो हलला. झेंडा पुसट झाला तर वारा होता. कुणी हसत नाही, कारण हसू तेवढा वेळ टिकत नाही. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असेल तर दोस्ती असेलही, पण त्यानं दोघंही डुलत नाहीत हे पहिलं. बंदुकीवर रेललेल्या शिपायाचंही तेच. बंदूक शौर्याची खूण खरीच, आणि ती टेकूही आहे.

आता पाय. स्टुडिओतला फोटो असेल तर पाय मोजा. कधी कधी तीन भरतात! उभ्या माणसाच्या बुटांमागं लोखंडी तिवईचा पाया डोकावतो. ती तिवई मागून मान धरून ठेवायची. तो शिपाई ताठ दिसतो त्यात कवायतीचा वाटा किती आणि लोखंडाचा किती, ते तिथं कळतं. छावणीतल्या फोटोत बुटांवरचा चिखल बघा. चिखल घोट्यापर्यंत आणि वरचा कोट कडक इस्त्रीचा असेल, तर कोट फोटोपुरता चढवलेला आहे.

रंगाचा मामला माझ्या आवडीचा, म्हणून जरा थांबते. त्या काचेला निळा लगेच दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. निळं आभाळ पांढरंफटक यायचं, लाल कापड काळं. निळ्या डोळ्यांचा माणूस आंधळ्यासारखा दिसतो तो त्यामुळंच. कपाळावरचं कुंकूही अशा फोटोत काळा ठिपका होतं. इंग्रज शिपायाचा लालभडक कोट काळाकुट्ट दिसतो. भाच्यानं एकदा मोबाइलनं आपोआप रंगवलेला क्रिमियाचा एक फोटो दाखवला, त्यात सगळी पलटण गर्द निळ्या कोटात. मशीननं काळपट दिसलं ते निळं केलं. मी रंगवताना आधी घरच्यांना विचारायचे, साडी कोणत्या रंगाची होती. तुम्हीही विचारा. पलटणीच्या गणवेशाचा रंग लिहून ठेवलेला सापडतो. तो न बघता "काळा वेश म्हणजे मृत्यूची छाया" वगैरे लिहू नका.

डावं-उजवं हाही एक सापळा आहे. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, शिपाई स्वस्तातला टिनटाइप काढून घरी पाठवायचे. नाव टिनचं, पत्रा लोखंडाचा. त्यात निगेटिव्ह नसतं, आरशासारखी उलटी छबी थेट पत्र्यावर येते. कमरेच्या बकलावरची अक्षरं उलटी दिसली की समजा. तलवार उजवीकडं लटकलेली दिसते म्हणून माणूस डावखुरा ठरत नाही. काही पठ्ठे इतके हुशार की फोटोपुरतं सगळं साहित्य उलट्या बाजूला लावून उभे राहायचे, म्हणजे घरी सरळ दिसेल.

एवढं झालं की मग वस्तूंकडं वळा. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही इथं कुणी आणली?

फेंटनचा एक फोटो आहे, 68 व्या पलटणीचे शिपाई हिवाळी पोशाखात. केसाळ कातड्याचे कोट, जाड टोप्या. बघणाऱ्याला वाटतं, काय थंडी असेल! पण फेंटन क्रिमियात पोचला मार्च 1855 मध्ये आणि जूनअखेर परतला. थंडीचा कहर झाला होता त्याआधीच्या हिवाळ्यात. 14 नोव्हेंबर 1854 च्या वादळात क्रिमियातल्या बालाक्लाव्हा बंदरापाशी 'प्रिन्स' नावाचं जहाज बुडालं, त्यातच फौजेचे गरम कपडे होते. माणसं गारठून आणि आजारानं मेली, लंडनच्या वर्तमानपत्रांनी सरकारला सोलून काढलं. मग कपडे आले, तोवर ऊन आलं. आता तो फोटो परत बघा. ते कातड्याचे कोट थंडीबद्दल बोलत नाहीत, टीकेला उत्तर देतात: बघा, आमची पोरं ऊबदार आहेत. कोटाचा अर्थ कोटात सापडत नाही, तारखेत सापडतो. प्रतीक म्हणतात ते हे, आणि ते डोळे मोठे करून दिसत नाही. इतिहासाचं पान शेजारी उघडून ठेवावं लागतं.

फेंटनचाच आणखी एक फोटो मला सोडत नाही. कर्नल ब्राउनरिग नावाचा इंग्रज अधिकारी आणि त्याच्यासोबत दोन रशियन पोरं. फोटोखालच्या ओळीत पोरांची नावं दिली आहेत, आल्मा आणि इंकरमन. आता आल्मा म्हणजे 20 सप्टेंबर 1854 ची लढाई आणि इंकरमन म्हणजे 5 नोव्हेंबर 1854 ची. दोन्ही इंग्रज-फ्रेंचांनी रशियनांविरुद्ध जिंकलेल्या. शत्रूच्या पोरांना आपल्या विजयांची नावं! त्यांच्या आईनं त्यांना काय हाक मारली असेल, ते त्या ओळीत नाही. इथं प्रतीक फोटोत शोधायची गरजच नाही, पोरंच प्रतीक करून उभी केली आहेत. मी रंगवायला घेतला असता तर सगळ्यात आधी ती दोन पोरं घेतली असती, कर्नलसाहेब मागाहून.

अमेरिकेच्या छावण्यांतले फोटो जरा घरगुती वाटतात. वॉशिंग्टनजवळ पेनसिल्व्हेनियाच्या 31 व्या पलटणीच्या छावणीतला एक प्रसिद्ध फोटो आहे. मागं तंबू, पुढं शिपाई, शेजारी बाई आणि लहान मुलं. भाच्यानं लगेच अर्थ लावला, "घर आणि देश, दोन्ही एका चौकटीत." छान आहे, पण आधी साधं बघ म्हटलं. त्या फौजेच्या नियमात दर कंपनीमागं चार धुणाऱ्या बायका ठेवायची सोय होती, आणि बऱ्याच जणी शिपायांच्याच बायका असायच्या. छावणीत बाई दिसली की ती भेटीला आलेली, असं धरून चालू नका. ती कामावर असू शकते. तसंच तीन-चार बंदुका एकमेकींना टेकवून तिकाटण्यासारख्या उभ्या दिसतात, त्यांना कुणी शांततेची खूण म्हणतं. विसाव्याच्या वेळी बंदुका मातीत लोळू नयेत म्हणून शिकवलेली ती कवायत आहे. फोटोग्राफरला ती रचना आवडली आणि त्यानं ती मधोमध घेतली, तर त्यात अर्थ शोधा. कडेला असेल तर सोडून द्या.

आणि कधी कधी वस्तू फोटोग्राफरचीच असते. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याच्या माणसांनी एका मेलेल्या दक्षिणी शिपायाचा फोटो काढला. दोन खडकांमधली दगडी भिंत, खाली देह, भिंतीला टेकवलेली बंदूक. खाली लिहिलं, नेमबाजाचं घर. शंभरेक वर्षांनी अभ्यासकांनी दुसरे फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं की तो देह सुमारे 40 यार्डांवरून उचलून तिथं आणलेला आहे, आणि ती बंदूक नेमबाजाच्या कामाची नाही. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही. अण्णांनी सागवानी बंदूक जिवंत माणसांच्या हातात दिली, ती माणसं हसत घरी गेली. ह्या पोराला कुणी विचारलं नव्हतं.

पण पडदा खोटा म्हणून फोटो खोटा, असंही समजू नका. सेंट लुइसच्या बेंटन बॅरॅक्समधला एक फोटो बघा. एक काळा शिपाई, अंगावर उत्तरेच्या फौजेचा गणवेश, हातात बंदूक, कमरेला पिस्तूल, मागं रंगवलेल्या पडद्यावर शस्त्रं आणि अमेरिकेचा झेंडा. पडदा अण्णांच्या पडद्याचा थोरला भाऊच! पण 1863 पासून त्या फौजेत काळ्या माणसांची मोठी भरती सुरू झाली. त्याआधी दक्षिणेत गुलामाच्या हातात बंदूक सापडणं गुन्हा होता. त्या माणसानं बंदूक धरून उभं राहणं, तेही झेंड्यापुढं, आणि त्याची छबी काढून ठेवणं, ह्यात जे आहे ते खऱ्या तंबूपुढं उभ्या असलेल्या शंभर गोऱ्या शिपायांत मिळून नसेल. इथं पडद्याला माफी.

आता कडा. फोटोच्या चारही कडांवरून बोट फिरवा. मधला माणूस पैसे देतो, कडेचा माणूस राहून जातो. साहेब खुर्चीत, तंबूची कनात वर, मेजावर बाटली, आणि कडेला अर्धा कापलेला कुणीतरी. घोडा धरणारा, किटली धरणारा, पखाल घेतलेला. पायात काही नाही. साहेबाचा दर्जा त्याच्या पदकांत दिसतो त्याहून जास्त ह्या अनवाणी पायांत दिसतो. फेलिचे बिआतोनं 1858 मध्ये लखनौला काढलेला हॉडसनच्या घोडदळाचा फोटो बघा. फोटोखाली मेकम आणि अँडरसन ही दोन गोऱ्या साहेबांची नावं येतात. सोबत उभे असलेले आपले सवार त्यांच्याइतकेच ठसठशीत दिसतात, पण त्या ओळीत ते नुसते सवार.

हे मी शहाणपणानं सांगते आहे असं समजू नका. 1986-87 ची गोष्ट असेल. एक कुटुंब जुना ग्रुप फोटो घेऊन आलं, कॉपी काढून मोठा करायला. तंबूपुढं सहा-सात देशी शिपाई, मधोमध गोरा साहेब, डावीकडं पखाल पाठीवर घेतलेला भिस्ती, थोडा हललेला, म्हणून चेहरा पुसट. घरचे म्हणाले, "हा कडेचा नको, घाण दिसतंय." मी कॉपी निगेटिव्हवर लाल रंग घेऊन बसले आणि तासाभरात त्याला काढून टाकला. त्याच्या जागी तंबूचं कापड पुढं ओढलं. इतकं सफाईनं झालं की दादानं पाठ थोपटली. मूळ प्रिंट त्यांच्याकडं परत गेली आणि पुढं पुरात का वाळवीत गेली म्हणे. आता त्या घरात माझा फोटो लावलेला आहे. तंबूच्या डाव्या कापडाला घडी नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मला दिसतं. तेव्हा कडेचं कापड, भिंत, आभाळ फारच गुळगुळीत दिसलं तर संशय घ्या, माझ्यासारखी कुणीतरी तिथं बसून गेली आहे.

मागाहून माहीत झालेलं फोटोत घुसवायची खोड सगळ्यांनाच असते. 3 ऑक्टोबर 1862 ला अँटिएटमच्या छावणीत गार्डनरनं अब्राहम लिंकन आणि त्याचा सेनापती जनरल मॅक्लेलन ह्यांचा तंबूतला फोटो काढला. दोघं समोरासमोर बसलेले, मेजावर झेंडा अंथरलेला, त्यावर लिंकनची उंच टोपी, आणि खाली जमिनीवर शत्रूकडून जिंकलेला झेंडा टाकलेला. झेंड्यांचं बरोबर आहे, एक मेजावर आणि एक मातीत, हे कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे. पण लोक पुढं जाऊन दोघांच्या चेहऱ्यांवर भांडण वाचतात, कारण 5 नोव्हेंबरला लिंकननं मॅक्लेलनला काढून टाकलं. चेहरे ताठ आहेत ते काचेसाठी. झेंडा वाचा, चेहरा सोडा.

आपण सोलापूरकर तर ह्या फोटोंकडं वेगळंच ओझं घेऊन बसतो. सदर बझार हे नाव आपल्याला छावणीनं दिलं, कॅम्पाशेजारचा बाजार तो. पण गावाच्या डोक्यात फौज म्हणजे मे 1930 चा मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चार हुतात्मे. माझी आजी खाकी कोट बघितला की दार लावून घ्यायची, अण्णांनी तो स्टॉलसाठी आणला तेव्हा तिनं चार दिवस घरात ठेवू दिला नव्हता. म्हणून फोटो वाचायला बसताना कागदावर आधी आपल्या मनात काय आलं ते लिहून बाजूला ठेवा. मग पद्धत, पाय, वस्तू, कडा, खालची ओळ. शेवटी दोन्ही कागद शेजारी धरा. जे दोन्हीकडं आहे त्यावर जास्त संशय घ्या.

घरच्या फोटोसाठी थोडं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सोलू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. पाठीचाही फोटो काढून ठेवा. शिक्का, पेन्सिलीचे आकडे, स्टुडिओचं नाव, सगळं तिथं असतं. अमेरिकेच्या फोटोच्या पाठीला कराचं तिकीट असेल तर तो 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866 मधला, इतकं नेमकं कळतं. अडीच बाय चार इंचाचं कार्ड असेल तर 1860 च्या आसपासची ती फॅशन. एकाच स्टुडिओचे चार फोटो मिळाले तर शेजारी मांडा. तीच खुर्ची, तीच तलवार, तोच फाटका पडदा चार वेगवेगळ्या शूरांमागं दिसेल.

अण्णांची सागवानी बंदूक अजून आमच्या माळ्यावर आहे. दस्ता एकदा पडून फुटला, तेव्हा पितळी पट्टी ठोकली, ती फोटोत पांढरी चमकते. तुमच्या आजोबांच्या फोटोत दस्त्यावर अशी पट्टी दिसली तर बंदूक आमची. ते फौजेत नव्हतेच, असं मात्र मी म्हणणार नाही. सुटीवर आलेले खरे जवानही हौसेनं त्या पडद्यापुढं उभे राहायचे. खाली बघा, बूट आहेत का.